कुंकू, गुलमोहर आणि तलावपाळीचं आभाळ: ब्लॅक अँड व्हाइट रोलसाठी रंगीत फिल्टर निवडताना

ठाण्याच्या आमच्या नौपाड्यातल्या जुन्या चाळीत तळमजल्यावर एक आजी राहायच्या. कपाळावर रुपयाएवढं लाल कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, मांडीवर तांदूळ निवडायचं सूप. मी तेव्हा नुकताच लाल फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे बसवायची रंगीत काच, घेतला होता आणि त्याचं इतकं अप्रूप होतं की दिसेल त्यावर तोच लावायचे. आजींचा फोटोही त्यातूनच काढला. रोल धुऊन प्रिंट नेऊन दिली, तर आजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि विचारलं, "अगं, माझं कुंकू कुठे गेलं?" आजोबा शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी प्रिंट आजींच्या हातातून घेतली आणि काही न बोलता टेबलावर पालथी ठेवली.

चूक फिल्मची नव्हती, रोल धुणाऱ्याचीही नव्हती. लाल काचेतून लाल रंग उजळ होतो. सावळ्या कपाळातही लाल भरपूर असतो. काचेने दोन्ही सारखीच उजळ केली आणि कुंकू कपाळात विरून गेलं. हिरव्या बांगड्या मात्र काळ्या कुळकुळीत आल्या होत्या.

फिल्मकडे नव्याने वळलेल्या मुलामुलींना फिल्टर म्हणजे आभाळ काळं करायची काच एवढंच माहीत असतं. प्रत्येक फिल्टर काहीतरी उठवून दाखवतो आणि काहीतरी पुसतो. काय पुसलं जाणार आहे, हे बटण दाबायच्या आधी कळावं म्हणून हे सगळं लिहिते आहे.

पहिली पायरी: फिल्मचा डोळा ओळखा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली. त्या काळात फोटो काचेवर ओलं कलोडियन, एक चिकट रसायन, ओतून काढत, आणि त्या थराला निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश सोडून फारसं काही कळत नसे. म्हणून त्या जमान्यातल्या फोटोंत आभाळ कोऱ्या कागदासारखं दिसतं आणि लाल वस्तू काळ्या. १८७३ मध्ये हरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की फोटोच्या थरात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर त्याला निळ्यापलीकडचे रंगही कळू लागतात. पुढे १९०६ मध्ये इंग्लंडातल्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा विकायला आणल्या. फिल्टरवर ८, ११, २५ असे जे आकडे तुम्हाला दिसतील ते याच रॅटनच्या नावाचे. कंपनी १९१२ मध्ये कोडॅकने घेतली, पण आकडे अजून चालू आहेत.

आजच्या नेहमीच्या फिल्म्स, म्हणजे इल्फर्डची एचपी५ किंवा एफपी४, कोडॅकची ट्राय-एक्स, केंटमेअर, फोमापान, सगळ्या पॅनक्रोमॅटिक आहेत. तरी निळ्याकडे त्यांचा ओढा आपल्या डोळ्यापेक्षा जास्त असतो. आपल्याला निळंभोर दिसलेलं आभाळ प्रिंटमध्ये फिकट येतं आणि पांढरे ढग त्यात हरवतात, ते या ओढ्यामुळे.

रोल विकत घेताना डबीवर 'ऑर्थो' असं लिहिलेलं नाही ना, एवढं बघा. इल्फर्ड ऑर्थो प्लसला लाल रंग दिसतच नाही, त्यामुळे तिच्यावर लाल फिल्टर लावला तर रोल कोराच निघेल. उलट बाजूला इल्फर्ड एसएफएक्स २०० आणि रोलाय रेट्रो ८०एस या फिल्म्सना आपल्या डोळ्याला दिसतो त्यापलीकडचाही थोडा लाल कळतो. तो पानांमधून भरपूर परावर्तित होतो, त्यामुळे गडद लाल फिल्टरखाली झाडं उजळ, कधी पांढुरकी येतात. सुरुवातीला या दोन्ही टोकांना जाऊ नका. एक साधी ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मला उजेड किती चटकन कळतो त्याचा आकडा) पॅनक्रोमॅटिक फिल्म घ्या आणि निदान पाच-सहा रोल तीच वापरा. फिल्म सारखी बदलली तर फरक फिल्टरचा की फिल्मचा हे कळणार नाही.

दुसरी पायरी: दोन वस्तू शोधा

संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीसमोर उभ्या राहा. ताटात लाल लसणीची चटणी, शेजारी तळलेल्या हिरव्या मिरच्या. रंगात बघाल तर दोघींचं भांडण लांबून दिसतं. फिल्मवर मात्र दोन्हींचा राखाडी जवळपास सारखा येऊ शकतो. फिल्टर निवडायचा तो अशा वेळी.

स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: मला कशापासून काय वेगळं दाखवायचं आहे? ढग आभाळापासून, फूल पानांपासून, कुंकू कपाळापासून. दोन वस्तूंची नावं ठरली की नियम सोपा आहे. फिल्टर आपल्या रंगाला उजळ करतो आणि विरुद्ध रंगाला गडद. पिवळ्याच्या विरुद्ध निळा. नारिंगीच्या विरुद्ध निळा आणि निळसर हिरवा. लालच्या विरुद्ध हिरवा-निळा. हिरव्याच्या विरुद्ध लाल आणि राणी रंग. पांढऱ्या, करड्या आणि काळ्या वस्तूंवर फिल्टरचा असा काही परिणाम होत नाही, कारण त्यांच्यात कुठलाच रंग वरचढ नसतो. हे शेवटचं वाक्य पावसाळ्यात फार उपयोगी पडणार आहे.

दोन वस्तूंची जोडी सापडत नसेल तर फिल्टर पिशवीतच राहू द्या. माझे निम्म्याहून जास्त रोल आता फिल्टरशिवाय होतात.

डोळ्याने अंदाज बांधायला वेळ लागतो. तोवर फोनची मदत घ्या. कॅमेऱ्यात मोनो, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, मोड लावायचा आणि फिल्टर हातात धरून फोनच्या लेन्ससमोर आणायचा. फोनचा सेन्सर म्हणजे फिल्म नव्हे आणि तो उजेड आपोआप वाढवतो, त्यामुळे एक्स्पोजरसाठी, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते ठरवायला, हे वापरू नका. पण चटणी-मिरचीत कोण उजळ आणि कोण गडद होणार, एवढं नक्की समजतं.

तिसरी पायरी: काचांची ओळख

पिवळा, रॅटन ८. काही कंपन्या त्यालाच के २ किंवा वाय २ म्हणतात. पहिला फिल्टर हाच घ्या, आणि वर्षभर दुसरा घेऊ नका असं मी हट्टाने सांगते. फिल्मचा निळ्याकडचा ओढा तो आवरतो आणि करड्या छटा आपल्या डोळ्याला दिसतात तशा आणून ठेवतो. आभाळ थोडं खाली बसतं, ढग दिसू लागतात, चेहरे बिघडत नाहीत, प्रकाश फक्त एक स्टॉप, म्हणजे निम्मा, जातो. त्याचा परिणाम इतका सौम्य असतो की नव्या माणसाला वाटतं काही झालंच नाही. फिल्टरशिवायचा आणि फिल्टरचा फोटो शेजारी ठेवा, मग दिसेल.

नारिंगी, रॅटन २१ किंवा त्याच्या जवळपासचा. दोन स्टॉप. आभाळ स्पष्ट गडद होतं, विटा आणि मंगलोरी कौलं उजळतात, धूसर डोंगर थोडे जवळ येतात. ठाण्याच्या जुन्या वस्तीत कौलारू घर आणि मागे आंब्याचं झाड अशी जोडी दिसली की मी हाच काढते. त्वचेवरचे डाग आणि पुटकुळ्याही यातून बऱ्याच लपतात.

लाल, रॅटन २५. तीन स्टॉप. निळं आभाळ काळपट होतं. नव्या लोकांच्या लक्षात येत नाही ते असं, की उन्हातल्या सावल्यांवर प्रकाश पडतो तो निळ्या आभाळाचा. त्यामुळे लाल फिल्टर सावल्यांनाही काळं करतो. तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, दुपारी झाडाखाली बसलेल्या माणसांचा फोटो लालमधून काढा, माणसं सावलीत बुडून जातील. पाण्यात आभाळाचं प्रतिबिंब असतं, म्हणून मासुंद्याचं पाणीही आभाळाबरोबर गडद होतं. कधी ते सुंदर दिसतं, कधी डांबर सांडल्यासारखं. रॅटन २९ हा याहून गडद लाल. तो आत्ता नको.

हिरवा. यात पिवळसर हिरवा म्हणजे रॅटन ११ आणि पक्का हिरवा म्हणजे ५८. पिवळसर हिरवा हा आपल्याकडच्या झाडीसाठी फार चांगला. येऊरच्या वाटेवर पावसाळ्यात पन्नास प्रकारचे हिरवे असतात, आणि फिल्टरशिवाय ते सगळे एकाच मळकट करड्यात येतात. या काचेतून कोवळी पानं उजळतात, जून पानं मागे राहतात, जंगलात खोली येते. ११ ला साधारण दोन स्टॉप लागतात आणि ५८ ला त्याहून जास्त, म्हणजे घनदाट झाडीत ट्रायपॉड हवाच.

निळा, रॅटन ४७, मुद्दाम धुकं वाढवायला किंवा १९व्या शतकातल्या फोटोसारखा कोरं आभाळ आणायला वापरतात. रिक्षाचा पिवळा टप त्यातून काळा येतो. गंमत म्हणून एकदा करून बघा, विकत घेऊ नका.

दुकानात हमखास फसवणारी एक गोष्ट. फिल्टरच्या कडीवर 'जी' हे अक्षर दिसलं की लोक त्याला ग्रीन समजतात. होयाच्या फिल्टरवर 'जी' म्हणजे नारिंगी, आणि रॅटनच्या जुन्या पद्धतीत 'जी' म्हणजे गडद पिवळा. हिरव्यासाठी अक्षर 'एक्स' असतं. अक्षरावर जाऊ नका, काच पांढऱ्या कागदावर धरून डोळ्याने बघा.

चौथी पायरी: आपलं आभाळ, आपले महिने

परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत लाल फिल्टरखाली काळंभोर आभाळ दिसतं आणि तसंच इथे येईल असं वाटून मुलं मे महिन्यात उपवनला जातात. तसं येत नाही. फिल्टर निळ्याला गडद करतो, आणि मे महिन्यात ठाण्याचं आभाळ निळं नसतंच. हवेतल्या दमटपणाने आणि धुळीने ते पांढुरकं झालेलं असतं. जेवढा निळा आहे तेवढंच काम फिल्टर करणार.

जून ते सप्टेंबर आभाळ बहुतेक दिवस करड्या ढगांनी भरलेलं असतं. करड्यात सगळे रंग समान, म्हणून पिवळा, नारिंगी, लाल, कुठलाही लावा, आभाळ जसंच्या तसं राहील आणि तुमचे दोन-तीन स्टॉप फुकट जातील. या महिन्यांत पिवळसर हिरवा झाडीसाठी ठेवा, बाकी सगळे कपाटात. श्रावणात मधूनच ऊन पडतं आणि ढगांच्या फटीतून धुतलेलं निळं आभाळ दिसतं. त्या अर्ध्या तासासाठी पिवळा खिशात असावा.

खरा मोसम पाऊस परतल्यावर. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ऊन कडक व्हायच्या आधी सकाळी, हवा धुऊन निघालेली असते आणि ढग अजून शिल्लक असतात. वर्षाचे जे चार-पाच लाल फिल्टरचे दिवस ठाण्याला मिळतात ते मला तेव्हा मिळाले आहेत. त्यातही सूर्य आपल्या डाव्या किंवा उजव्या खांद्याला ठेवून उभं राहायचं. सूर्यापासून काटकोनात असलेलं आभाळ सगळ्यात निळं असतं. सूर्याच्या बाजूचं आणि क्षितिजालगतचं आभाळ फिकट असतं, तिथे फिल्टर फारसं काही करू शकत नाही. घोडबंदरच्या किल्ल्यावरून खाडीचा फोटो काढताना आभाळ वर गडद आणि खाली पांढरं आलं तर फिल्टरला दोष देऊ नका.

हिवाळ्यात पारसिकच्या डोंगरावरून नवी मुंबईकडे बघितलं की इमारती धूसर निळसर दिसतात. ही निळसर धूसरता हवेतल्या अगदी बारीक कणांनी निळा प्रकाश विखुरल्यामुळे येते, आणि ती नारिंगी-लाल फिल्टर कापतो. पण तुमच्यासमोर पांढरं धुकं किंवा पावसाचा पडदा असेल तर त्यातले पाण्याचे थेंब मोठे असतात आणि ते सगळे रंग सारखेच विखुरतात. त्याला कुठलाही फिल्टर भेदू शकत नाही. निळसर की पांढरं, एवढं आधी बघा आणि मग पिशवीत हात घाला.

मेमध्ये आभाळ साथ देत नसलं तरी गुलमोहर फुललेला असतो, आणि फिल्टर शिकायला त्याच्यासारखा गुरू नाही. लाल-नारिंगी फुलं, हिरवी पानं, फिल्टरशिवाय दोघांची सरमिसळ. लाल फिल्टर लावा, फुलं पांढरी फटक होऊन पानांवर उठून येतील. हिरवा लावा, पानं उजळतील आणि फुलं काळ्या झुबक्यांसारखी दिसतील. दोन्ही खरे फोटो आहेत. मला पहिला उन्हाचा वाटतो, दुसरा काहिलीचा. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण मत असायला हवं.

फ्लेमिंगोंचं थोडं वेगळं आहे. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, आणि ऐरोलीहून होडीने जाता येतं म्हणून हौशी माणसं तिथे कॅमेरे घेऊन जातात. गुलाबी पक्षी आणि निळसर पाणी म्हटल्यावर लाल फिल्टर सुचतो, नियमाने बरोबरही आहे. पण होडी हलते, लेन्स लांब असते, पक्षी उडतात, आणि लालमध्ये तीन स्टॉप गेले की सकाळच्या उन्हात शटर फार खाली येतं. हललेल्या पक्ष्याचा गडद पाण्यावरचा फोटो कोणाला हवा? तिथे पिवळा लावा. फार तर नारिंगी.

पाचवी पायरी: चेहरे

इथे मी सगळ्यात जास्त शिकले, आणि आजींमुळे शिकले. चेहऱ्यावर लाल फिल्टर शक्यतो लावू नका. ओठ फिके पडतात, गालांचा गोलवा सपाट होतो, सावळा चेहरा पीठ लावल्यासारखा दिसतो. आणि कुंकू, मेंदी, आळता, लाल सुपारी-पानाने रंगलेले ओठ, हे सगळं जातं. आपल्या माणसांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर लाल रंगाला जी जागा आहे ती बघता ही काच घरातल्या फोटोंसाठी नाहीच.

पाश्चात्त्य पुस्तकांत पुरुषांच्या चेहऱ्यासाठी हिरवा फिल्टर सुचवलेला असतो. तो गोऱ्या, लालसर त्वचेचा विचार करून दिलेला सल्ला आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर पक्का हिरवा फिल्टर चेहरा फार गडद करतो आणि प्रत्येक डाग ठळक दाखवतो. पिवळसर हिरवा ११ चालतो, तोही सावलीतल्या मऊ उजेडात. त्यातून ओठांना आकार येतो आणि कुंकू गडद, ठसठशीत दिसतं.

महिन्याभराने मी आजींकडे परत गेले. या वेळी दारातल्या उजेडात बसवलं, ११ लावला, शटर १/६० आणि अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ४. कुंकू काळंभोर आलं, बांगड्या उजळल्या, नाकातली नथसुद्धा वेगळी दिसली. ती प्रिंट आजोबांनी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली होती.

मुलांचे, तरुणांचे फोटो उन्हात काढायचे असतील तर पिवळा पुरेसा आहे. हळदीच्या कार्यक्रमात तोही काढून टाका. हळद आधीच पिवळी, पिवळ्या काचेतून ती त्वचेवर दिसेनाशी होते.

रात्री, दिव्यांच्या उजेडात, दिवाळीत तलावपाळीवर कंदील बघायला गेलात तर सगळे फिल्टर घरी. जुन्या पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळा मुळात कमी असतो, पिवळा फिल्टर काही करत नाही, आणि दिव्यांची भुतं, म्हणजे खोटी प्रतिबिंबं, मात्र काचेमुळे फोटोत उमटतात.

सहावी पायरी: एक्स्पोजरचा हिशेब

प्रत्येक फिल्टर काही प्रकाश अडवतो, तेवढा तुम्हाला भरून द्यायचा असतो. कडीवर किंवा डबीवर २×, ४×, ८× असा गुणक लिहिलेला असतो. २ म्हणजे एक स्टॉप, ४ म्हणजे दोन, ८ म्हणजे तीन. गुणक आणि स्टॉप यांची गल्लत करू नका. ८× म्हणजे आठ स्टॉप समजून रोल जाळलेला माणूस मी पाहिला आहे.

४०० आयएसओ फिल्म आणि कडक ऊन धरा. फिल्टरशिवाय १/५०० ला एफ १६. पिवळा लावला की एफ ११, नारिंगी लावला की एफ ८, लाल लावला की एफ ५.६. अॅपर्चर हलवायचं नसेल तर शटर तेवढं खाली आणा: लालसाठी १/५०० चं १/६०.

उजेड मोजायचं हातातलं मीटर किंवा फोनमधलं मीटर अॅप वापरत असाल तर सोपी युक्ती म्हणजे मीटरवर आयएसओ कमी करून ठेवणे. ४०० च्या फिल्मला पिवळ्यासाठी २००, नारिंगीसाठी १००, लालसाठी ५०. फिल्टर काढला की आयएसओ परत ४०० वर न्यायला विसरू नका. मी तर कॅमेऱ्याच्या पट्ट्याला चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिहिते.

लेन्समधून उजेड मोजणारा कॅमेरा असेल, पेंटॅक्स के १००० सारखा, तर तो फिल्टरमधूनच बघतो आणि पिवळ्या-नारिंगीला आपोआप बऱ्यापैकी सांभाळून घेतो. लालमध्ये मात्र त्याच्यावर विसंबू नका. मीटरच्या सेलला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या भागाला, लाल रंग फिल्मपेक्षा जास्त दिसतो, त्याला वाटतं उजेड पुष्कळ आहे, आणि निगेटिव्ह पातळ येते. लालसाठी फिल्टर काढून मोजा, मग स्वतःच्या हाताने तीन स्टॉप द्या. सावल्या महत्त्वाच्या असतील तर वर अर्धा स्टॉप आणखी द्या, ब्लॅक अँड व्हाइट फिल्म जास्त उजेड सोसते, कमी सोसत नाही.

जुन्या छोट्या कॅमेऱ्यांत मीटरचा सेल कुठे आहे ते बघून घ्या. तो फिल्टरच्या बाहेर राहत असेल तर आयएसओ तुम्हालाच कमी करावा लागणार. कॅनोनेट क्यूएल १७ मध्ये मीटरचा सेल लेन्सच्या कडीतच आहे, त्यामुळे फिल्टर त्यालाही झाकतो. ऑलिंपस ट्रिप ३५ मध्ये सेल लेन्सभोवती आहे आणि तिथेही फिल्टर त्याला झाकतो, म्हणजे आयएसओ वेगळा कमी करावा लागत नाही.

सातवी पायरी: खरेदी

लेन्सच्या पुढच्या कडीवर वर्तुळावर तिरकी रेघ मारलेली खूण असते आणि पुढे ४९, ५२, ५५, ५८ असा आकडा. तो फिल्टरचा माप-व्यास, मिलिमीटरमध्ये. लेन्सवर लिहिलेलं ५० किंवा ३५ हे फिल्टरचं माप नव्हे, ते फोकल लेंग्थ. दोन-तीन लेन्स असतील तर सगळ्यात मोठ्या मापाचा फिल्टर घ्या आणि बाकीच्यांसाठी स्टेप-अप रिंगा, म्हणजे छोट्या लेन्सवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या कड्या. रिंग फिल्टरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

फोर्टातल्या बोरा बाजारात जुने फिल्टर अजून सापडतात, ठाण्याहून गाडीत बसायचं आणि शेवटच्या स्टेशनला उतरायचं. जुना फिल्टर घेताना पांढऱ्या कागदावर धरून रंग सगळीकडे सारखा आहे का बघा. कडेला रंग उडालेला असेल किंवा दोन काचांमधला थर सुटून इंद्रधनुषी डाग दिसत असतील तर सोडून द्या. मग तो उजेडासमोर तिरका धरा, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी लगेच दिसते. बारीक ओरखडा चालतो. कडी वाकडी असेल तर घेऊ नका, ती लेन्सवर अडकून बसेल. पाच रंगांचा संच स्वस्तात देतो म्हणाले तरी एकच चांगला पिवळा घ्या.

लावताना यूव्ही फिल्टर आधी काढा. एकावर एक काच चढवली की उजेडाचे ठिपके येतात आणि वाइड लेन्सला कोपरे काळे पडतात. पिवळ्यावर लाल चढवण्यात तर काहीच अर्थ नाही, लाल काच पिवळीचं काम आधीच करते.

आठवी पायरी: एक रोल फक्त शिकण्यासाठी

ढग नसलेल्या किंवा स्थिर ढग असलेल्या सकाळी अशी जागा शोधा जिथे आभाळ, झाड, काहीतरी लाल आणि एखादा चेहरा एका फ्रेममध्ये येईल. जांभळी नाक्यावर फुलवाल्यांच्या रांगेपाशी हे सगळं एका नजरेत मिळतं: झेंडू, गुलाब, आंब्याचे डहाळे, वर आभाळ. विकणाऱ्या मावशींना आधी विचारा आणि नंतर प्रिंट नक्की नेऊन द्या.

एकच फ्रेम, जागा न बदलता: आधी फिल्टरशिवाय, मग जो जो फिल्टर असेल तो, शेवटी पुन्हा फिल्टरशिवाय. शेवटचा यासाठी की मध्ये ऊन बदललं असेल तर पहिल्या आणि शेवटच्या फोटोतल्या फरकावरून कळतं. कागदाच्या चिठ्ठीवर 'पिवळा, एफ ११' असं मोठ्या अक्षरात लिहून फ्रेमच्या कोपऱ्यात धरा. वहीत लिहिलेलं हरवतं, निगेटिव्हवरचं हरवत नाही. ३६ फ्रेम्समध्ये अशा सहा-सात जागा सहज होतात.

रोल धुवायला देताना स्कॅनवर आपोआप दुरुस्ती करू नका असं बजावून सांगा. बऱ्याच लॅबमध्ये मशीन प्रत्येक फ्रेम स्वतःच्या मनाने उजळ-गडद करतं आणि तुमचा फिल्टरचा फरक तिथेच बुजतो. शंका आली तर निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर धरून बघा. आभाळ निगेटिव्हवर जितकं पारदर्शक, तितकं ते प्रिंटवर गडद.

फिल्टर सांभाळणं

ठाण्याच्या हवेत काचेला बुरशी चढायला एक पावसाळा पुरतो. चामड्याच्या पाकिटात फिल्टर ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आणि पुड्यांचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की ते मंद आचेवर भाजून परत निळे करून घ्या. जेवणाच्या भांड्यात मात्र नाही, त्यासाठी एक जुना तवा वेगळा काढा. बोटांचे ठसे त्याच दिवशी पुसा, कारण बुरशी तिथूनच सुरू होते. फिल्टर लेन्सवर अडकला तर जोर लावू नका. कडीभोवती जाड रबरबँड ताणून बसवा आणि तळहाताने हलकेच फिरवा, सुटतो.